किती वेळ लागंल?

मी रेल्वे फाटकाचा एक जुना दांडा आहे, मित्रांनो. कारखान्यात लोखंडी नळीपासून मला घडवलं, तांबडे-पांढरे पट्टे दिले आणि कुर्डुवाडीकडे जाणाऱ्या रुळांजवळ, उसाच्या शेतांत उभं केलं. फाटकवाला बिभीषण चाक फिरवायचा, की मी खाली यायचो. या फाटकावर कधी अपघात झाला नाही, असं लोक म्हणायचे. ऐकून बरं वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात सीमेवर तणाव होता. ताडपत्रीने झाकलेल्या सैन्याच्या आगगाड्या इथून जायच्या. अशाच एका गाडीचा व्हिडिओ कुणीतरी मोबाईलवर टाकला. तो टाकणं चूकच होतं, शत्रूलाही तो दिसतो. पण रेल्वेच्या साहेबांनी सुनावलं ते बिभीषणला. तेव्हापासून तो धास्तावलेला असायचा.

मग एका दुपारी बिभीषणच्या गुमटीतला, म्हणजे फाटकाजवळच्या खोलीतला फोन वाजला. सैन्याची गाडी फाटकावरच तासभर थांबणार होती. कुणाशी बोलायचं नाही, असा हुकूम होता. मी खाली आलो. गाडी येऊन उभी राहिली.

तेवढ्यात गुंडा नावाच्या गावकऱ्याची रिक्षा आली. मागे त्याची बायको विजयमाला छाती धरून बसली होती. दवाखाना रुळांच्या पलीकडे होता.

"भाऊ, किती वेळ लागंल?"

"सांगता येत न्हाय."

"पाच मिन्टं का धा?"

बिभीषणने पाठ फिरवली.

शेळ्या घेऊन थांबलेली गोजाबाई म्हणाली, "आरं, दातखीळ बसली का तुजी? गाडीत काय हाय ते नगं सांगू. कवा हालंल ते तर सांग की!"

"आवं, भांडू नगा," विजयमाला नवऱ्याला म्हणाली. "निघंल आता."

ओढ्यावरच्या रेल्वेपुलाखालून पलीकडे जायला लांबची वाट होती. पण आपण तिकडे वळलो आणि इकडे गाडी सुटली तर, असं गुंडाला वाटत राहिलं. तो वळला नाही. गाडी हलली तेव्हा विजयमालाने मान टाकली होती.

विजयमालाचे दिवस झाल्यावर गुंडा फाटकावर आला.

"मला बोलू नगं म्हनले हुते," बिभीषण खाली बघत म्हणाला.

"गाडीत काय हाय ते मी इचारलंच नव्हतं, भाऊ. तास लागंल एवढं म्हनला असतास, तर मी पुलाखालनं गेलो असतो."

आता इथे भुयारी रस्ता झाला आहे. मी गवतात पडून असतो. माझा रंग उडाला, त्याचं काही नाही.

मित्रांनो, देशाची गुपितं नीट सांभाळा. गाडी कशाची, कुठे चालली, कुणाला सांगू नका. पण कुणाची वाट अडवाल, तेव्हा ती किती वेळ अडणार, एवढं त्याला सांगा. मला तोंड नव्हतं. बिभीषणला होतं.