रिकामी बाटली, पिण्यास योग्य

माझ्या डाव्या कडेपासून चार मिलिमीटरवर एक खळगा आहे. तिळाएवढा लांब, जेमतेम पाऊण मिलिमीटर खोल आणि काचेसारखा गुळगुळीत. हा कारखान्यातला दोष नाही. एकाच बोटाच्या एकाच नखाने नऊ वर्षांत तो पाडला आहे. माझ्या जातीच्या कळांवर धूळ असते, अंगावर खळगा पडल्याचे कुठे ऐकिवात नाही.

मित्रांनो, मी कीबोर्डवरची एक जुनी कळ आहे. मला दाबले की त्या क्षणी पडद्यावर जे असेल त्याचे जसेच्या तसे चित्र निघते. माझी मोठी अडचण ही, की पडदा मलाही त्याच एका क्षणापुरता दिसतो. बाकीचे सारे आयुष्य मी कानांवर काढले आहे.

आम्ही एकशे चार बहिणी एका दिवशी गरम प्लास्टिकच्या साच्यांतून जन्मलो. एंटर जाडजूड. तिला जो तो धपाटे घालतो, तरी घरात तोरा तिचाच. स्पेस उंबरठ्यासारखी आडवी पसरलेली. मला वरच्या रांगेत उजवीकडे कोपरा मिळाला. शेजारी स्क्रोल लॉक. ती बिचारी आजवर दोनदाच दाबली गेली. एकदा धूळ पुसताना आणि एकदा तिच्यावर चष्मा पडला तेव्हा. तरी रोज सकाळी ती मला सांगते, "आज माझी पाळी बघ."

पहिली तीन वर्षे मीही तिच्याच पंक्तीतली होते. आमचा कीबोर्ड पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत आला आणि हेडक्लार्क नानांच्या टेबलावर बसला. मी काय करते हे नानांना ठाऊक नव्हते आणि त्यांनी कधी विचारलेही नाही. त्यांच्या बिस्किटांचा चुरा मात्र माझ्या पायाशी नियमाने जमा होई. नानांना नवा कीबोर्ड मिळाला तेव्हा आम्हांला मागच्या खोलीत धाडले. तिथे ओट्यावर नमुन्यांच्या बाटल्यांच्या रांगा होत्या, भिंतीशी जंतू वाढवायचे उबदार कपाट होते आणि खिडकीखालच्या टेबलाशी ताई बसत.

ताई रसायनशास्त्र शिकलेल्या. बोलणे इतके मोजके, की जणू नळीतून थेंब थेंब सोडतात आणि एक जास्त पडला तर प्रयोग फुकट जाईल. बोलण्याचे खाते बाटल्या धुणाऱ्या मावशींकडे होते. त्या दोघींच्या वाटणीचे बोलत आणि वर थोडे शिल्लक ठेवत.

संगणकावर 'निर्मळ' नावाचा प्रोग्राम होता. ताईंनी आकडे भरायचे, निर्मळने हिशेब करून अहवाल काढायचा. तो पंधरा वर्षांपूर्वी खुद्द साहेबांनी लिहिला होता, दोन महिने घरी न जेवता, असे मावशी सांगत. साहेब अतिशय सभ्य माणूस, त्यामुळे निर्मळही सभ्य. 'कृपया थांबावे', 'तसदीबद्दल क्षमस्व', 'धन्यवाद' असे बोलणारा. पण वय झाले की माणसे सभ्यपणे काहीबाही बोलू लागतात, तसे त्याचे झाले.

एका मंगळवारी अकरा वाजून सात मिनिटांनी माझ्यावर एक बोट आले. नख बारीक कापलेले, बोटाला स्पिरिटचा वास. मी दाबली गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा पडदा पाहिला. त्यावर लिहिले होते: 'एकतीस नमुन्यांपैकी चौतीस तपासून झाले. कृपया उरलेल्यांसाठी थांबावे.'

ताई हसल्या. आवाज फार नाही, किटलीचे झाकण हलावे तेवढाच.

त्या दिवसापासून संग्रह सुरू झाला. ताईंची शिस्त अशी, की गमतीलाही क्रमांक, तारीख, वेळ आणि खोलीचे तापमान. चित्र सातमध्ये छपाईयंत्र सापडत नव्हते आणि 'ही सूचना छापून हवी का?' अशी विचारणा होती. चित्र एकोणीसमध्ये विहिरीच्या पाण्याचे तापमान चार हजार शहाण्णव अंश होते. शेरा, 'उकळून प्यावे.' चित्र चाळीसमध्ये एका विहिरीच्या अहवालात एक रकाना सरकला आणि नमुन्याच्या जागी नमुना आणणाऱ्याचा हुद्दा आला. 'नमुना: हेडक्लार्क. खोली: बारा मीटर. गढूळपणा: जास्त. झाकण: नाही.' ते पाहून मावशी ओट्यावरच बसल्या.

"ताई, हे छापून नानांच्या दारावर लावू या की!"

"नको हो मावशी. त्यांना वाईट वाटेल."

"वाईट कशाला? झाकण नाही हे खरंच आहे त्यांना."

आणि चित्र एकाहत्तर! त्यात म्हटले होते, 'कीबोर्ड जोडलेला नाही.' मी तिथे हजर, माझ्या एकशे तीन बहिणी हजर, आणि आम्ही नाही! मी नसल्याचे चित्र मीच काढले. त्यानंतर आठवडाभर स्क्रोल लॉकला आपण आहोत की नाही याची शंका येत होती.

माझी अक्षरे पुसली गेली ती या काळात. ते माझे वैभवाचे दिवस. दर शनिवारी ताई नवी-जुनी पाच चित्रे एका पेन ड्राइव्हवर घेत आणि घरी सासऱ्यांना दाखवत. सासरे चाळीस वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे लोकांच्या चुका शोधायचा पगार घेत. आता गुडघ्यांमुळे खुर्चीतून उठत नाहीत. सून अबोल, सासरे त्याहून अबोल, आणि घरात तिसरे कोणी नाही. पण शनिवारी संध्याकाळी त्या घरातून हसण्याचा आवाज येतो म्हणून शेजारी चौकशी करून गेले, असे ताईंनी एकदा मावशींना सांगितले.

आता दोनशे बाराव्या चित्राविषयी सांगते. ते नीट ऐका.

त्या दिवशी ताई बाटल्यांची यादी संगणकात भरत होत्या. एक बाटली रिकामीच आली होती. बूच होते, चिठ्ठी होती, आत पाणी नव्हते. ताईंनी गंमत म्हणून तिचाही क्रमांक भरला, शेऱ्यात 'रिकामी' लिहिले, आकड्यांचे रकाने मोकळे सोडले आणि एंटरला धपाटा घातला. मग बोट झपाट्याने माझ्यावर आले. मला दिसले: 'बाटली रिकामी. पाणी पिण्यास योग्य. धन्यवाद.'

ताई खूप हसल्या. मावशींनी रिकामी बाटली तोंडाला लावून "वा, काय गोड आहे" म्हटले.

सोमवारी ताई आल्या त्या गप्प. म्हणजे नेहमीच्या गप्पपणाहून गप्प. मावशींनी तीनदा विचारल्यावर बोलल्या.

"शनिवारी मामंजींना ते चित्र दाखवलं. हसलेच नाहीत. म्हणाले, सूनबाई, पाणीच नाही तर योग्य कशावरून?"

"मग? कशावरून?"

"तेच मी शोधत होते. वरच्या ओळीवरून. आकडा भरला नसेल तर निर्मळ वरच्या बाटलीचा आकडा खाली उतरवतो. अहवालात रिकामे रकाने बरे दिसत नाहीत म्हणून साहेबांनीच तशी सोय केली होती. आणि सांगायचं राहून गेलं असणार."

मावशींच्या हातातला ब्रश थांबला.

जंतूंच्या तपासणीला दोन दिवस लागतात. तोवर तो रकाना रिकामाच असतो. आणि नानांना शुक्रवारी संध्याकाळी टेबल साफ करून जायची सवय; ते आठवड्याचे सगळे अहवाल छापून टाकत. ताईंनी मागचे कागद काढले. एका बालवाडीच्या नळाचा अहवाल शुक्रवारी गेला होता आणि कपाटातली जंतू वाढवायची बशी ताईंनी रविवारी येऊन तपासली होती. नोंदवहीत पाहिले तर पाणी चांगलेच निघाले होते. पण ते शुक्रवारी निर्मळला ठाऊक नव्हते. कोणालाच ठाऊक नव्हते.

"मामंजी आणखी एक म्हणाले," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "आम्हीही चूक सापडली की आधी हसून घ्यायचो. पण मग समासात खूण करायचो. तू दोनशे बारा वेळा हसलीस. खूण कुठे केलीस?"

मित्रांनो, हे ऐकून माझ्या खळग्यात गार वारा शिरल्यासारखे झाले. मला वाटत होते, आम्ही मोठे काम करत आहोत.

आता साहेबांना सांगायला हवे होते, आणि तेच अवघड होते. साहेब महिन्याभरात निवृत्त होणार होते. त्याआधी निर्मळ आसपासच्या सगळ्या प्रयोगशाळांना पाठवायचे वरून ठरले होते. साहेबांना आपल्या मुलीचे लग्न ठरावे तसा आनंद झाला होता. आणि ताईंना थेंब मोजायची पिपेट धरायला याच साहेबांनी शिकवले होते, न ओरडता, अकरा पिपेटा फुटल्यावरसुद्धा.

ताई मंगळवारी भिंतीपलीकडच्या साहेबांच्या खोलीत गेल्या. "साहेब, जरा बोलायचं होतं."

"बोला ना ताई."

नंतर खुर्ची दोनदा मागेपुढे सरकली. मग ताईंचा आवाज आला. "परीक्षानळ्या संपत आल्यात."

साहेबांनी तीन डझन मंजूर केल्या. गुरुवारी ताई पुन्हा गेल्या आणि आणखी तीन डझन घेऊन आल्या. पुढच्या बुधवारी गेल्या तेव्हा साहेबांनी त्यांना बघताच कागद पुढे ओढला. "किती लिहू?"

खोक्यांवर खोकी चढली. मावशींना मोरीकडे जायला आडवे होऊन जावे लागे.

"ताई, बोलून टाका एकदाचं. आता नळ्या ठेवायला माझी मांडीच उरलीय."

"त्यांना किती वाईट वाटेल, मावशी."

"आणि त्या बालवाडीतल्या पोरांना बरं वाटेल? वरच्या बाटलीसारखं?"

ताईंचे बोट माझ्यावर येऊन टेकले. पडद्यावर गमतीचे काही नसावे, कारण त्याने मला दाबले नाही. तेव्हा मला कळले, मित्रांनो, की इतकी वर्षे मी कशाच्या जागी दाबली जात होते. जे बोलायचे होते, ते ताई माझ्यावर दाबून ठेवत होत्या. दोनशे बारा वेळा.

म्हणून माझे तुमच्याकडे एक मागणे आहे. कीबोर्ड उलटा करून अधूनमधून झटका, त्यावर खाऊ नका, स्क्रोल लॉकला वाढदिवसाला तरी एकदा दाबा. यंत्र वेड्यासारखे बोलले तर पोटभर हसा, चित्रही काढा, मला तेवढेच काम. पण हसून झाल्यावर समासात खूण करा. तुमच्याऐवजी एखादी कळ बोलेल, या भरवशावर राहू नका. मी गेली नऊ वर्षे गप्पच आहे.

निर्मळ पाठवायच्या आदल्या दिवशी साहेब स्वतः मागच्या खोलीत आले. खोक्यांना वळसा घालताना त्यांचा कोट अडकला.

"ताई, एवढ्या नळ्यांचं करताय काय?" ते म्हणाले. "बरं, ते राहू द्या. उद्या पाठवायचं. 'तपासले, योग्य' असं लिहून तुमची सही हवी. तुमच्याइतकं बारकाईनं निर्मळला कोणी पाहिलेलं नाही."

पेनाचे टोपण उघडल्याचा आवाज आला. मग ते बंद झाल्याचा.

"साहेब, बसता का जरा? तुम्हाला काही दाखवायचंय."

ताईंनी संग्रह उघडला. साहेब पहिल्या चित्रावर "अरेच्चा" म्हणाले. एकोणिसाव्यावर हसले. चाळिसाव्यावर इतके हसले, की दारातून नाना विचारायला आले आणि मावशींनी त्यांना "तुमच्या खोलीचं मोजमाप चाललंय" म्हणून परत पाठवले. साहेब डोळे पुसत म्हणाले, "एवढे गुण आहेत होय याच्यात! सांगायचं नाही का?"

मग दोनशे बारावे चित्र आले आणि त्यांचे हसू अर्ध्यात राहिले.

"हे... एखाद्या वेळी झालं असेल. त्या दिवसापुरतं. आता होत नसेल."

"मावशी, एक रिकामी बाटली द्या," ताई म्हणाल्या.

मावशींनी ती टेबलावर जरा जोरातच ठेवली. ताईंनी क्रमांक आणि 'रिकामी' हा शेरा भरला. आकड्यांचे रकाने मोकळे. एंटरला धपाटा. पडदा मला दिसत नव्हता, पण साहेबांचा आवाज ऐकू आला. ते हळूहळू, शब्द लावून वाचत होते. "बाटली रिकामी. पाणी पिण्यास योग्य." शेवटचा 'धन्यवाद' त्यांच्याने वाचवला नाही.

सवयीने ताईंचे बोट उचलले गेले आणि माझ्यावर आले. नख बरोबर खळग्यात बसले. मी तयार होते. दोनशे तेरावे चित्र, आणि तेही साहेबांच्या समोर!

बोट तसेच टेकून राहिले. त्याचा ठोका मला लागत होता. मग ते उचलले गेले. मला न दाबता.

"रिकामा रकाना बरा दिसत नाही म्हणून मीच केलं होतं ते," साहेब म्हणाले. "पंधरा वर्षं कोणी काही बोललं नाही. काय करायचं आता, ताई?"

मावशींनी नळ बंद केला.

"साहेब, मी सही करणार नाही," ताई म्हणाल्या. थेंब थेंब नाही, एका धारेत. "निर्मळ उद्या कुठेही जाणार नाही. आजपासून तो इथेही बंद. आणि शुक्रवारी छापलेला एकेक अहवाल मी वहीशी ताडून पाहणार आहे, आणि तुम्ही माझ्या शेजारी बसून वाचून दाखवायचा आहे."