लपणातून निघणारी लाल छत्री

भाद्रपदातली पहाट माळावर उतरली ती दवाच्या पावलांनी. पवन्याचं गवत कमरेइतकं वाढलेलं, पात्यापात्याच्या टोकाशी जलबिंदूंचे दीप तेवलेले. पूर्वेला केशराची एक क्षीण रेघ, आणि त्या रेघेखाली हिरव्याचा अपार, अबोल, निःश्वासणारा सागर.

त्या सागरात एक बाभूळ. बाभळीपासून शंभर पावलांवर, पाखरांचे फोटो काढायला लपून बसायचं, गोणपाटाचं एक लपण. ते इतकं गवतासारखं होतं, की एका वर्षी त्याच्या छपरात होल्याने अंडी घातली आणि त्र्यंबक मास्तरांना पंधरा दिवस बाहेर बसून स्वतःच्याच लपणाचे फोटो काढावे लागले. फोटो चांगले आले होते.

लपणाची चौकट तुराट्यांची. दार पूर्वेला, खिडकी पश्चिमेला, म्हणजे उगवता सूर्य पाठीशी राहतो आणि त्याचं सारं सोनं समोरच्या पाखरावर सांडतं. खिडकीवर, कॅमेऱ्याचं भिंग बाहेर डोकावतं तिथे, मास्तरांच्या बायकोच्या, गिरजाबाईंच्या, जुन्या लुगड्याचा हिरवा तुकडा. लुगडं फाडताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "फाडा. माझ्यापेक्षा त्या पाखराले जास्त शोभून दिसीन."

ते पाखरू म्हणजे तणमोर. कृष्णकंठ, शुभ्रस्कंध, मस्तकामागे रेशमी तुऱ्यांच्या रेघा. गवतात असला की नाहीच, आणि उडी घेतली की सारा माळ त्याचाच. श्रावण-भाद्रपदात नर एकाच उंचवट्यावरून सरळ आभाळात उसळतो, क्षणभर तिथे टांगल्यासारखा राहतो, आणि काहीतरी आठवल्यासारखा पुन्हा गवतात बुडतो. असं दिवसातून शेकडो वेळा. इतकी खटपट कुणासाठी, ते त्या माळावर अलीकडे कुणालाच ठाऊक नव्हतं. मादी तीन पावसाळ्यांत दिसली नव्हती. तो उडत होता.

तणमोर माणसाला भितो, पण तणमोराला मोजता येत नाही. लपणाची सारी विद्या या एका वाक्यावर उभी आहे. दोघांनी आत जायचं, एकाने बाहेर पडायचं, उघड उघड चालत दूर जायचं. पाखराला वाटतं, माणूस गेला.

सोळा वर्षं आत जाणारे मास्तर आणि गिरजाबाई. सोळा वर्षं बाहेर पडणाऱ्या गिरजाबाई.

त्या लाल छत्री उघडून निघायच्या, पाखराला नीट दिसावं म्हणून. मोठ्याने बोलत निघायच्या, पाखराला नीट ऐकू यावं म्हणून. बोलायला काही नसे, म्हणून बाजाराची यादी. "वांगे. आंबट चुका. हिरव्या मिर्च्या." मागे वळून बघायचं नाही, हा दुसरा नियम, वळलेला चेहरा पाखराला पाठीपेक्षा शंभरपट मोठा दिसतो. आणि निघण्याआधी, रोज, दाराशी वाकून एक प्रश्न: "बॅटरी घातली का?" कारण मास्तर दवाच्या भीतीने बॅटरी रात्री सदऱ्याच्या खिशात ठेवत, आणि सकाळी ती खिशातच विसरत.

मागून पंखांची फर्रर्र ऐकू यायची. उडी त्यांनी कधी पाहिली नाही.

"सोळा वर्सं झाले," त्या एकदा चहा गाळताना म्हणाल्या, "मी बाहेर निंघ्यासाठीच आत येतो. नाटकात झाड होणाऱ्या पोरालेही शेवटी पडद्यापुढं उभं करतेत."

"पुढच्या भाद्रपदात तू बस," मास्तर म्हणाले. "मी निघतो."

"ल्ह्यून द्या."

मास्तर हसले होते. लिहून दिलं नव्हतं.

चैत्रातल्या एका निरभ्र दुपारी, ताकाचं भांडं हातात असताना, गिरजाबाई उंबऱ्याशी टेकल्या. भांडं सांडलं नाही. उठल्या मात्र नाहीत.

मग भाद्रपद आला. ऋतूंना कळवायची पद्धत नाही.

पहिल्या दिवशी मास्तर एकटेच आत गेले आणि बसून राहिले. तणमोराने गवतातून मान काढली, लपणाकडे पाहिलं, आणि पाहतच राहिला. एक आत गेला, कुणी बाहेर आलं नाही. एवढं त्यालाही कळत होतं. सूर्य माथ्यावर येईतो ती काळी मान, तो काळा प्रश्न, गवतात तसाच उभा.

दुसऱ्या दिवशी बांधावरून हिरामण आला. त्याचे वाडवडील या माळावर फासे लावायचे. तो आता त्याच पाखरांची राखण करायचा.

"मास्तर, मी येतो तुमच्यासंगं. आत येतो अन् निंघून जातो. दोन मिन्टाचं काम."

"नको."

"मंग बकरी न्या. आत न्यायची, हाकलून द्यायची. पाखराले काय, पाय मोजता येत असते तं गोष्ट येगळी."

बाहेर जाणाऱ्याची जागा दुसऱ्या माणसाला देववेना. पण बकरीलाही नाकारण्याइतका मास्तरांचा आग्रह नव्हता. बकरी आत आली. बाहेर जायला तिने नकार दिला. तिने डब्यातली भाकरी खाल्ली, भिंगाचा पट्टा चाखला आणि स्टुलापाशी पाय दुमडून, ध्यानस्थ योगिनीसारखी, संध्याकाळपर्यंत बसून राहिली.

"माया अंदाज चुकला," हिरामण तिला ओढून नेताना म्हणाला. "ह्या बकरीले फोटोचा नाद दिसतो."

पण बांधावर पोचल्यावर तो थांबला, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मास्तर, गवत आता पिवळं पडून राह्यलं. चार-दोन दिसात तो उडायचा थांबीन. अन् पुढच्या वर्सी येईन का, ते म्या नाई सांगू शकत."

तिसऱ्या रात्री मास्तरांनी छत्री खुंटीवरून काढली. घडीत अजून गेल्या वर्षीच्या गवताचं एक कुसळ अडकलेलं होतं.

आणि ही चौथी पहाट. केशराची रेघ रुंदावत गेली. मास्तर लपणाच्या दाराशी आले, गोणपाट वर उचललं, आत गेले. आणि सवयीने, मागून येणाऱ्यासाठी, ते तसंच धरून उभे राहिले. जरा जास्तच वेळ. मग सोडलं.

त्यांनी तिपाई लावली, कॅमेरा चढवला, भिंग उंचवट्यावर रोखलं. लुगड्याचा तुकडा सारखा केला. आणि रिकाम्या स्टुलाला सांगू लागले, वर्गात सांगत तसं, सावकाश.

"नजर काळ्या मानेवर ठेव. तो वर आल्यावर दाबशील तर नुसतं आभाळ येईल. बुडख्याशी गवत थरथरलं की दाब. श्वास अर्धा सोड, तिथेच थांब. अंग काळं आहे, उजेड थोडा जास्त घे, नाहीतर डोळा हरवतो. डोळा हरवला की सगळं हरवलं."

स्टुलाने सगळं ऐकून घेतलं. तीस वर्षांच्या नोकरीत मास्तरांना इतका एकाग्र विद्यार्थी मिळाला नव्हता.

"बस तू," ते म्हणाले. "मी निघतो."

बाहेर येऊन त्यांनी छत्री उघडली. हिरव्या सागरावर ते लाल कमळ उमललं, आणि पूर्वेच्या दिशेने, बाभळीच्या दिशेने, डुलत डुलत निघालं.

"वांगी," मास्तर मोठ्याने म्हणाले. आवाज फाटला. "आंबट चुका."

दव पोटऱ्यांना भिजवत होतं. टोळ उडत होते. सूर्याचं बिंब बाभळीच्या काट्यांत अडकून रक्ताळलं होतं.

"हिरव्या मिरच्या."

आणि मागे, अगदी मागे, फर्रर्र.

सोळा वर्षं हा आवाज त्यांनी समोरून पाहिला होता. पाठीवर तो असा पडतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सगळं सुंदर पाठीमागे घडत असताना पुढे चालत राहणं म्हणजे काय, ते त्यांना एकसष्टाव्या वर्षी, गवतात, छत्रीखाली कळलं. डोळे भरले. हात रुमालासाठी खिशात गेला.

खिशात बॅटरी होती.

मास्तर थांबले. छत्री थांबली. परत फिरावं, तर पाखरू उडून जाईल. वळून बघावं, तर नियम मोडेल. माळभर एक शांतता पसरली, धुक्याइतकी पांढरी, दवाइतकी थंड. पवन्याचं पातंही हलेना.

फर्रर्र.

आणि त्या फर्रर्रच्या किंचित आधी, गवत थरथरावं त्या वेळी, श्वास अर्धा सोडून कुणी थांबावं त्या वेळी, लपणाच्या दिशेने आलेला एक बारीक, कोरडा, ओळखीचा आवाज.

खट्.

टोळ असेल. शेंग तडकली असेल.

मास्तरांनी बॅटरी मुठीत घट्ट धरली. ती गरम होती. ते वळले नाहीत. "कोथिंबीर," ते म्हणाले, हळू, जवळच्या कुणाला सांगावं तसं. आणि चालू लागले. मागे पुन्हा फर्रर्र, पुन्हा खट्. लाल छत्री सूर्याकडे निघाली, आणि छत्रीची सावली मागे लांबत गेली, दवावरून, गवतावरून, लपणाच्या दारापर्यंत. तिथे ती क्षणभर थबकली, वाकली, आणि आत गेली.