नंबर येईपर्यंत

अकेयोने ड्रोन पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवला होता आणि पेटीवर मक्याच्या पिठाचं पोतं टाकलं होतं. लपवण्यात तसा अर्थ नव्हता. लग्नामयताचं चित्रण करणाऱ्या या बाईने आभाळातून चित्रण करणारं यंत्र आणलंय, हे सरोवराकाठच्या सिंदो गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं. पण ते उडवायची तिची छाती होत नव्हती. नोंदणीचा अर्ज नैरोबीला विमान वाहतुकीच्या सरकारी कार्यालयात गेला होता. तिथून तिची माहिती पोलिसांकडे आली होती, आणि पोलिसांचा माणूस यंत्र डोळ्यांनी बघून जाईपर्यंत नंबर मिळणार नव्हता. बिननंबराचं उडवलं तर जप्ती, दंड, प्रसंगी तुरुंग. अर्जाखालची ती ठळक ओळ तिला झोपेतही दिसायची.

"उबवतेस काय गं त्याला?" सासू विचारायची. "पिल्लं निघाली की सांग."

"नंबर आला की उडवीन, आई."

"तोवर सगळा गाव मरून संपेल. मग चित्रण कुणाचं करशील?"

अकेयो हसण्यावारी न्यायची. नवरा केरिचोला चहाच्या कारखान्यात. घरात सासू, ती आणि धाकटा दीर ओचोला. ओचोला सरोवरावर मासे धरायचा. त्या शुक्रवारी पहाटेच वारा फिरला आणि जलपर्णीचे तांडेच्या तांडे किनाऱ्याकडे सरकले. बाकीच्या होड्या कशाबशा परतल्या. ओचोला आणि त्याच्या जोडीदाराची होडी आली नाही. फोन लागेना.

मच्छीमारांचे अध्यक्ष ओग्वेनो इंजिनाची होडी घेऊन गेले आणि हात हलवत परत आले. पंख्यात मुळ्या अडकल्या होत्या.

"नुसतं हिरवं रान झालंय," ते म्हणाले. "शिरायचं कुठून? मी उभा राहिलो तरी पलीकडचं दिसत नाही. आंधळ्यासारखं घुसलो तर आम्हीच अडकू."

मग त्यांनी अकेयोकडे पाहिलं. आणखी चारचौघांनी पाहिलं. अर्जाचं काम बघणारे इन्स्पेक्टर मुसेम्बी यांना तिने फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. मग नैरोबीला लावला.

"तुमचा अर्ज तपासणीत आहे," पलीकडची मुलगी म्हणाली. "नंबर आल्याशिवाय उडवता येणार नाही, मॅडम."

"अहो, माझा दीर सरोवरात अडकलाय. वरून फक्त बघायचंय."

"मॅडम, मी फक्त फोन घेते हो," ती मुलगी हळूच म्हणाली.

अकेयो घरी आली तेव्हा सासू पलंगाशी ओणवी होऊन पिठाचं पोतं एकटीच ओढत होती. पोतं बाजूला झालं आणि म्हातारी धापा टाकत भुईवरच बसली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं अकेयोला वाटलं. तिने पेटी उघडली.

किनाऱ्यावरून तिने ड्रोन वर नेला आणि पडद्यावर डोळे लावले. हिरवं, हिरवं, पुन्हा हिरवं. प्रत्येक क्षणी वाटे, आता मागून कुणी तरी खांद्यावर हात ठेवणार. मग एका कडेला वल्ह्याच्या टोकावर काही लाल फडफडलं. ओचोलाचा सदरा!

"सापडले! दोघं आहेत!" ती ओरडली. "उत्तरेकडून पाण्याची चिंचोळी वाट आहे. अध्यक्ष, मी ड्रोन त्यांच्या डोक्यावर थांबवते. त्याच्याकडे बघत या."

इंजिनाची होडी निघाली. बॅटरी उतरत चालली. यंत्र परत बोलवा, असं पडद्यावर लुकलुकू लागलं. परत बोलावलं तर होडीवाल्यांना खूण कुठली राहणार? ती ओठ चावत तशीच उभी राहिली. इंजिनाची होडी ओचोलाच्या होडीजवळ दिसली, तेव्हा कुठे तिने ड्रोन वळवला. अर्ध्या वाटेत पडदा काळा झाला. यंत्र जलपर्णीत कुठे पडलं ते कुणालाच दिसलं नाही.

ओचोला घरी आला आणि मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीवर तुटून पडला. अंगण माणसांनी भरलं. तेवढ्यात मुसेम्बींचा फोन आला. "तुमचा कॉल राहून गेला. मंगळवारी यंत्र बघायला येतो."

"चोरीला गेलं म्हण," सासूने सुचवलं.

"आई, सगळ्या किनाऱ्याने पाहिलंय."

"वहिनी, मी सांगतो त्यांना, माझ्यापायी झालं म्हणून," ओचोला म्हणाला.

"तू गप जेव."

मंगळवारी मुसेम्बी मोटारसायकलवरून आले. अकेयोने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि स्वतः बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. मध्ये थांबली असती तर खोटं बोलली असती. ते बराच वेळ लिहीत राहिले.

"दीर कसा आहे?"

"बरा आहे, साहेब."

"उडवल्याचं मला लिहावंच लागेल, बाई. पुढे काय करायचं ते वरचे ठरवतील."

त्यानंतरचे आठवडे तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. दारात मोटारसायकल थांबली की हातातलं काम गळायचं. नवऱ्याने फोनवर धीर दिला, की ती त्याच्यावरच चिडायची. शेवटी एकदाचं पत्र आलं. यंत्र उपलब्ध नसल्याने अर्ज रद्द. विनानोंदणी उड्डाणाबद्दल लेखी ताकीद. पुन्हा घडल्यास गय नाही. दंडाचा शब्द कुठे दडलाय का, म्हणून तिने पत्र उलटसुलट पाहिलं. नव्हता. मग ती दाराच्या उंबऱ्यावर बसली आणि मोठ्याने रडली. सासू शेजारी येऊन बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्या शनिवारी एका मयताचं काम होतं. वरून चित्रण हवं म्हणून घरच्यांनी हट्ट धरला, तेव्हा अकेयो कॅमेरा गळ्यात अडकवून ट्रकच्या टपावर चढली. चित्रण छान आलं. फक्त खाली एक मोटारसायकल येऊन थांबली, तेवढ्यापुरतं ते हललं आहे.