पुरात बांधलेला टिप्या

मी टिप्या बोलतोय. लांबूनच ऐका. डोक्यावरून हात फिरवायला आलात तर चावेन, मग बोंबलू नका.

माझा जन्म बिरवाडीचा, येसाजीच्या गोठ्यातला. "घ्या पंत, लय गुणाचा हाय," म्हणत त्यानं मला महाडच्या गंगाधरपंतांच्या गळ्यात मारलं. पंतांचं पेठेत कापडाचं दुकान, मागं घर. लहानपणी लाड झाले. मोठा झालो, पोस्टमनला चावलो, आणि पडवीतल्या खांबाला साखळीनं बांधला गेलो. घराची राखण मात्र मीच करायची!

महाडकरांना पुराचं कसलं आलंय नवल? सावित्री नदी दरसाल घरात येते. बायका उंबऱ्यात तिची ओटी भरतात, पुरुष सामान माळ्यावर चढवतात. त्या वर्षी भरदुपारी पाणी पडवीत शिरलं. पंतांनी कापडाचे तागे चढवले, पितळी भांडी चढवली, लोणच्याची बरणीसुद्धा चढवली. मी भुंकून घसा फोडला. "गप रे!" म्हणाले. मेल्या, गप कसा बसू?

शेवटी ते रेडिओ खांद्यावर घेऊन निघाले. जाताजाता एक हात माझ्या साखळीकडं आलाच होता, तेवढ्यात माळ्यावरून त्यांची बायको, चारुशीलाबाई, ओरडली, "अहो, सोडा त्याला! वर या लवकर!"

पंतांनी हात मागं घेतला आणि शिडी चढून गेले. हायसं वाटलेलं मी पाहिलं त्यांच्या तोंडावर.

वर आवाज चढला. "टिप्या कुठंय?"

"तूच म्हणालीस ना, सोडा त्याला! मला वाटलं, नाद सोडा म्हणतेस."

"अहो, साखळी सोडा म्हटलं मी! चुलीत घाला तो रेडिओ!"

बाई लुगडं खोचून स्वतः उतरली. पाणी तिच्या कमरेच्या वर, आणि खांबाला पुढचे पाय टेकून उभा होतो तरी माझ्या नाकाला. साखळीची कडी गंजलेली, निघेना. मेलो म्हटलं आता. मग तिनं चाचपडत गळ्यातला पट्टाच काढला आणि मला उचलून वर नेलं.

पूर ओसरल्यावर पंत दूधभाकर घेऊन आले. "चुकलं रे, शब्दाचा घोळ झाला."

घोळ? बरणीच्या वेळी बरा झाला नाही! भाकरी खाल्ली, शेपूट हलवली नाही.

आता म्हातारा झालोय, मोकळाच असतो. पावसानं जोर धरला की पंत येऊन माझा गळा चाचपतात. मी गुरगुरतो. तुम्हीही आपापल्या दारचं बघा. पाणी उंबऱ्याला लागलं की आधी आम्हाला मोकळं करा. पातेलं राहिलं तर तरंगतं हो, बांधलेला जीव जागच्या जागी बुडतो.