जिन्याखाली न सापडलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. छत्री किंवा खुर्ची असतो तर बरं झालं असतं. आपल्याला उघडतात हे छत्रीला आणि आपल्यावर बसतात हे खुर्चीला जन्मापासून ठाऊक असतं. माझं तसं नाही. माझं नाव कॉन्स्विट्यूड. घाबरू नका, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही घाबरलो होतो. मी इंग्रजीतला आहे आणि माझा अर्थ सवय. एवढ्याशा अर्थाला एवढं लांबलचक नाव कुणी ठेवलं, हे विचारावं म्हणतो; पण मला तोंड नाही. मी दुसऱ्यांच्याच तोंडात असतो, तोही क्वचित.

माझं मूळ गाव लॅटिन. आमच्या घराण्याचा माग काढणारे विद्वान सांगतात, की माझ्या पोटात 'अंगवळणी पडणे' अशा अर्थाचं एक क्रियापद आहे. त्याच्याही पोटात 'आपलं, स्वतःचं' असं सांगणारं एक इवलंसं मूळ आहे. तुमच्या 'स्व'चंही मूळ तेच म्हणतात. म्हणजे लांबचे का होईना, आपण भाऊबंद. एखादी गोष्ट इतक्या वेळा करायची की ती आपली होऊन जाते, तिचं नाव सवय. हे कळलं तेव्हा मी हुरळून गेलो. पण मग गोष्ट आपली होते की आपण गोष्टीचे होतो, या गोंधळात जो पडलो तो अजून वर आलेलो नाही.

सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी मी इंग्रजीत आलो. आमच्याच घरातले दोघं वेगळ्या वाटांनी आले. कस्टम फ्रान्सकडून आला. तो पुढे विमानतळावर चिकटला आणि लोकांच्या बॅगा उघडू लागला. कॉस्च्यूम इटलीवरून आला आणि नाटकात शिरला. दोघांचं बरं चाललं आहे. मलाही एके काळी वकील मंडळी मानाने बोलवत. कुठेही लिहिलेलं नसताना वर्षानुवर्षं चालत आल्यामुळे जे नियमासारखं मानलं जातं, त्याला ते माझं नाव देत. पुढे बोलावणी कमी झाली. माझा सख्खा भाऊ डेस्विट्यूड, त्याचा अर्थ 'वापरातून जाणे', तो मात्र अजून वापरात आहे. वापराचा अर्थ सांगणारा मी वापरातून गेलो. यात तुम्हाला काही कळलं तर मलाही सांगा.

असा मी एका टायपिस्टकाकांच्या जाडजूड शब्दकोशात पडून होतो. काका निवृत्त झाले तरी इमारतीतल्या लोकांना अर्ज लिहून देत, आणि प्रत्येक अर्जात एक जड शब्द घालत. "वाचणाऱ्याला खुर्चीवरून उठावं लागलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं होतं.

एके दिवशी त्यांच्याकडे टेलरमामा आले. मामा त्याच इमारतीच्या जिन्याखाली शिलाई मशीन घेऊन सव्वीस वर्षं बसत. उसवलेली शिवण, तुटलेली चेन, वाढत्या पोरांच्या पँटची खालची दुमड, सगळं त्यांच्याकडे. येता-जाता लोक काम टाकत आणि येता-जाता घेऊन जात. आता नव्या सेक्रेटरींनी नोटीस लावली होती, की तिथे पार्सलं ठेवायचं कपाट होणार असल्याने जागा आठ दिवसांत मोकळी करावी.

"कागद आहे का काही?" काकांनी विचारलं.

"कसला कागद? पहिले मालक म्हणाले, बस इथे. मी बसलो."

"आणि उठवलं तर?"

"मशीन घरी नेईन. पण एका बटणासाठी तीन बसस्टॉप लांब कोण येणार, काका? मला दुसरं काही येत नाही."

काकांनी कोश उघडला आणि बोट फिरवत फिरवत माझ्यावर आणून थांबवलं. माझ्या अंगावर काटा आला. स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "अहो, साधं लिहा ना. मामा सव्वीस वर्षं बसतात, बसू द्या."

"एवढं सोपं लिहिलं तर लगेच नाही म्हणतील. अवघड लिहिलं की निदान विचार तरी करावा लागतो."

आणि त्यांनी टाइप केलं: 'सदर जागेवर अर्जदाराची सव्वीस वर्षांची कॉन्स्विट्यूड आहे, तरी ती कायम ठेवावी.' मी पुरुष की बाई, हेही त्यांनी मला न विचारता ठरवून टाकलं.

अर्जाची एक प्रत जिन्यासमोरच्या फळ्यावर टाचण्यात आली. मित्रांनो, इतक्या वर्षांनी मला उजेड दिसला. कौतुकही झालं. लोक थांबून वाचत. एक बाई म्हणाल्या, "मामांना काय झालंय म्हणे? मोठं नाव दिसतंय आजाराचं." दुसऱ्या म्हणाल्या, "आजार नाही हो, परवाना असतो तसला." मी कान टवकारून ऐकत होतो, कारण मलाही जाणून घ्यायचं होतं.

सेक्रेटरी इमारतीतलेच जुने रहिवासी, पण शिस्तीचा माणूस. त्यांनी जिन्याखाली वाकून स्वतः तपासणी केली आणि उत्तर माझ्या शेजारीच टाचलं: 'प्रत्यक्ष पाहणीत एक शिलाई मशीन, एक स्टूल, एक इस्त्री व चिंध्यांची पिशवी आढळली. कॉन्स्विट्यूड आढळली नाही. असल्यास तीही मुदतीत हलवावी.'

मी पार गोंधळलो. मी नाहीच, असा सहीशिक्क्यानिशी कागद होता, आणि मी त्याच्या शेजारी लटकत होतो.

आठव्या दिवशी सकाळी मामांनी मशीनचं चाक दोरीने बांधलं, इस्त्रीची वायर गुंडाळली आणि हातगाडी आणवली. जाताना त्यांनी फरशी पुसली. मशीनच्या पायांचे चार डाग तेवढे निघेनात. ते बराच वेळ घासत बसले. शेवटी "राहू देत" म्हणून उठले.

आता ऐका, मी फळ्यावरून काय पाहिलं. मशीनची फळी वाटेत हातभर पुढे यायची. त्यामुळे सव्वीस वर्षं प्रत्येक माणूस त्या जागी आडवा होऊन जायचा. आता फळी नव्हती, मामा नव्हते, वाट सरळ होती. तरी दुधवाला तिथे पोचला की बरणी दुसऱ्या हातात घ्यायचा. शाळकरी मुली एकीमागे एक व्हायच्या. बँकेतल्या बाई पर्स छातीशी धरून कडेने सरकायच्या आणि पुढे गेल्यावर स्वतःच मागे वळून बघायच्या. रिकाम्या जागेला सगळी इमारत वळसा घालत होती. मला माझीच ओळख पटल्यासारखं वाटू लागलं, पण खात्री नव्हती. कागद तर नाही म्हणत होता.

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी सुताराला घेऊन कपाटाचं माप घ्यायला आले. सुतार बाहेरचा, तो तडक सरळ चालत गेला. सेक्रेटरी मात्र डागांपाशी आले, आडवे झाले, त्यांनी पोट आत ओढलं आणि म्हणाले, "मामा, कापड जरा आत घ्या."

सुताराने टेप खाली केली. "कुणाशी बोलताय, साहेब?"

"कुणाशी नाही."

जिन्यावरून पिशवी घेऊन काकू उतरत होत्या. त्या तिथेच थांबल्या. "आढळली का हो?"

"काय?"

"तीच. पाहणीत आढळली नव्हती ना, ती."

सेक्रेटरी लाल झाले. त्यांनी माप घेतलं नाही. संध्याकाळी ते काकांच्या घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "त्या शब्दाचा अर्थ काय, ते एकदाच सांगून टाका."

काका कोश शोधू लागले. मित्रांनो, तेव्हा मला कळलं की काकांनाही माझा अर्थ ठाऊक नव्हता. त्यांनी मला लांबी बघून निवडलं होतं. मला वाईट वाटलं, पण काका वाचू लागल्यावर मीही ऐकू लागलो.

"सवय," काका म्हणाले. "रूढी. चालत आल्यामुळे नियमासारखं मानलं जाणारं."

"मग सवय असंच लिहायचं ना!"

"मी तेच म्हणत होते," काकू म्हणाल्या.

"तसं लिहिलं असतं," काका चष्मा पुसत म्हणाले, "तर तुम्ही घरी आला असता का विचारायला?"

सेक्रेटरींनी चहा घेतला. कप ठेवताना ते हळूच म्हणाले, "माझ्या लग्नाचा कोट मामांनीच सैल केला होता. दोनदा."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवा कागद लागला: 'फेरपाहणीत सदर कॉन्स्विट्यूड जागेवरच आढळली. ती कुणालाही हलवता आलेली नाही. सबब अर्जदाराने मशीन परत आणावी. पार्सलांचे कपाट मीटरच्या खोलीत होईल.'

मामा परतले. लोकांना त्रास नको म्हणून या वेळी त्यांनी मशीन हातभर आत सरकवून, भिंतीला टेकवून ठेवली. वाट पूर्ण मोकळी. तरी सगळे आडवे होऊनच जातात. सेक्रेटरी तर पोटही आत ओढतात.

मित्रांनो, मला रोज वापरा असं मी म्हणणार नाही. तुमची दाढ दुखेल. माझं मागणं एवढंच आहे, की एखादी जुनी गोष्ट हलवण्याआधी घटकाभर बाजूला उभे राहा आणि माणसं तिच्याभोवती कशी वळतात ते बघा. मी नक्की कुठे राहतो हे मला अजून उमगलेलं नाही. कोशात म्हणावं तर तिथे धूळ आहे, आणि जिन्याखाली म्हणावं तर तिथे चार डाग. पण कुठे आढळलोच, तर पुसायला जाऊ नका. मामांनाही जमलं नव्हतं.