टिकलीच्या नावावर भलतंच दूध

“गोऱ्हा नापास,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि वहिनीचं डोकंच फिरलं. नापास? अहो, टिकली गायीला चार वेतांत एकदाही कासेची दगडी झाली नाही, तिच्या आईला नाही, आजीला नाही, आणि तिचा मुलगा नापास? बाकीच्या गायींची कास घट्ट व्हायची, सडातून गाठी यायच्या, तेव्हा ही बया मजेत रवंथ करत असायची. म्हणून तर वहिनी हट्टाने तिच्याच कालवडी राखत आली होती. आता तिचा गोऱ्हा पैदाशीचा वळू म्हणून सरकारी रेतन केंद्रात जायचा होता. हजार गोठ्यांत त्याच्या लेकी झाल्या असत्या.

“आईच्या दुधात पेशी फार आहेत. कासेला आतून सूज असणार,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“काहीतरीच! धार मी काढली. तपासणीची बाटली कुणी भरली?”

धाकटा दीर दोरीची गाठ उगाच सोडू-बांधू लागला.

“मीच भरली, वहिनी. टिकलीचं दूध पातळ दिसलं. म्हटलं, चारचौघांत शोभा नको. आटत आलेल्या म्हाताऱ्या गायीचं भरलं. काय दाट होतं! फॅट झकास लागली ना, डॉक्टर?”

“लागली. आटत्या गायीच्या दुधात फॅट वाढते, तशा पेशीही वाढतात.”

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“काय दिवे लावलेत, भाऊजी! त्यांना काय बासुंदी करायची होती? निरोगी कास हवी होती त्यांना!”

“चुकलं. दुसरी बाटली देतो, मग झालं!”

“तसं नाही होत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “नमुन्यात लबाडी झाली की अख्खा गोठा बाद. हे बाहेर बोलला नाहीत, टिकली आजारी असंच राहू दिलंत, तर बाकीच्या गायी तरी केंद्राच्या योजनेत राहतील.”

“गप्प बसा ना, वहिनी,” दीर कुजबुजला. “लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, दिराने लबाडी केली. खोटं आहे का? माझ्या गायीवर रोग ढकलून मी गप्प बसू? बाई, गोठा बाद करा, पण टिकलीला आजारी म्हणू नका. आणि भाऊजी, या गोऱ्ह्याला खच्ची करायला कुणाला आणलंत, तर याद राखा!”

डॉक्टरीणबाईंनी कागदावर ‘गोठा बाद’ असं लिहिलं. केंद्राची गाडी रिकामीच वळली. वहिनी गोऱ्ह्याच्या मानेवर हात ठेवून बघत राहिली.

“हजार गोठ्यांत जायचा होता हो हा,” ती दिराला म्हणाली. “आता आपल्याच दावणीला राहील. म्हणे दूध पातळ!”