शालूबाईचा पेनड्राईव्ह

आक्कांनी पेनड्राईव्ह पदराच्या टोकाला बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि धाकट्या जावेच्या घरातून ताठ मानेनं बाहेर पडल्या. तीन वर्षांत त्या उंबऱ्याला त्यांचा पाय लागला नव्हता. आज लागला, तो कॉम्प्युटरपायी. जाऊ, म्हणजे शालूबाई, फार बोलली नाही. जसा नेला तसा परत पाहिजे, एवढंच भिंतीकडं बघून म्हणाली.

घरात कृष्णात वाट बघत होता. कोल्हापुरातून हुपरीला कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेला माणूस, आणि स्वतःचा पेनड्राईव्ह इचलकरंजीत कुणाच्या तरी मशीनला लावून विसरलेला. आक्कांच्या मते असल्या माणसानं चप्पलसुद्धा दोरीनं पायाला बांधून फिरावं.

कॉम्प्युटर दोन दिवस काळं तोंड करून बसला होता. पैंजणांची सगळी डिझाइनं त्यात. सून शिवानीनं महिनाभर डोळे फोडून काढलेली नवी वेलसुद्धा त्यातच, आणि शुक्रवारी आग्र्याचा व्यापारी ती बघायला यायचा होता. सीडीचा खण पॉलिशच्या धुळीनं कधीच गेलेला. कृष्णातच्या लॅपटॉपवर कॉम्प्युटर सुरू करायची अख्खी सीडी एका फाईलमध्ये होती. ती पेनड्राईव्हवर उतरवायची आणि त्याच्या जोरावर कॉम्प्युटर उठवायचा. त्याला चार जीबीचा पेनड्राईव्ह लागत होता, आणि तसला गल्लीत एकीकडंच होता.

शिवानीनं विचारलं, फाईल नुसती ओढून आत टाकू का? कृष्णात म्हणाला, टाकून भागत नाही, रीतसर उतरवावी लागते, आणि उतरवताना आतलं आधीचं सगळं पुसलं जातं.

आक्कांचा हात पदराच्या गाठीवर गेला.

“म्हंजे आटवायचं?”

“तसंच की.”

“दुसऱ्याचा दागिना?”

कृष्णातनं वाट काढली. आधी पेनड्राईव्हचा जसाच्या तसा ठसा घ्यायचा, तोही एकाच फाईलमध्ये, लॅपटॉपवर. काम झालं की तोच ठसा परत पेनड्राईव्हवर मारायचा. कणभर इकडचं तिकडं होत नाही, आणि आत काय आहे ते उघडून बघावंही लागत नाही.

हे शेवटचं आक्कांना फार महत्त्वाचं होतं. शालूबाईनं आपल्या मोराच्या पैंजणाचं डिझाइन चोरलं, असं त्यांनी तीन वर्षं हुपरीभर सांगितलं होतं. लग्नात सांगितलं, बारशात सांगितलं, एकदा दवाखान्यात हाताला सलाईन असताना नर्सला सांगितलं. शालूबाईचा पैंजण त्यांनी बघितला नव्हता. मोर काढलाय एवढं ऐकलं होतं, तेवढं त्यांना पुरलं. आता त्याच शालूबाईची सगळी डिझाइनं त्यांच्या घरात आली होती. कुणाची नजर जरी पडली, तरी चोर कोण ठरणार, हे त्यांना सांगायला नको होतं.

म्हणून त्यांनी शिवानीला स्वयंपाकघरात पाठवलं आणि स्वतः लॅपटॉपकडं पाठ करून बसल्या. थोड्या थोड्या वेळानं त्या कृष्णातला विचारत, डोळे कुठं आहेत. तो म्हणे, पुढं सरकणाऱ्या हिरव्या पट्टीवर. तिथंच ठेव, आक्का म्हणत.

दोन तासांनी कॉम्प्युटर उठला. वेल जागच्या जागी होती. कृष्णातनं शालूबाईचा ठसा पेनड्राईव्हवर परत मारला आणि पिशवी भरायला घेतली. आक्का दारात उभ्या राहिल्या.

“आन् तुझ्या लॅपटॉपातला ठसा?”

“तो व्हय? पुसतो की आत्ता.”

“तू पुसलास हे तिला कोन सांगनार? मी?”

कृष्णातची बस होती. आक्कांनी बस ऐकली नाही. शिवानीला शालूबाईकडं पिटाळलं.

शालूबाई ओले हात पदराला पुसत आली. आक्कांनी भिंतीकडं बघतच सगळं सांगितलं, आणि इथं उरलंय ते तुझ्या हातानं पुसून जा म्हणाल्या. शालूबाई लॅपटॉपपुढं बसली. कृष्णातनं बोट कुठं ठेवायचं ते दाखवलं. तिनं बोट ठेवलं, पण दाबलं नाही.

“उघडून बघितलंसा, आक्का?”

“न्हाय.”

“एकदाबी?”

“अंबाबाईची आन.”

शालूबाईनं मान वळवली. तिला बरं वाटलं असावं असं कृष्णातला वाटलं, पण ती रागानं लाल झाली होती.

“तीन वर्सं चोर म्हनलासा. आन् आयतं हातात आलं, तर बघायचंबी कष्ट घेतलं न्हाईसा.”

शिवानी पाण्याचा तांब्या हातात घेऊन तशीच थांबली. शालूबाईनं बटण दाबलं. फाईल गेली. मग तिनं पेनड्राईव्ह शिवानीच्या हातात दिला आणि तुमच्याच कॉम्प्युटरला लावून मोर उघड म्हणाली. कृष्णातनं घड्याळ बघितलं. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही.

पडद्यावर मोर आला. आक्कांनी चष्मा लावला, खुर्ची पुढं ओढली. त्यांच्या मोराची मान मागं वळलेली, पिसाऱ्यात पाच डोळे. हा सरळ पुढं बघत होता. त्यांनी बोटानं डोळे मोजले. आठ भरले. पुन्हा मोजले. कृष्णात पिशवी खाली ठेवून पायरीवर बसला.

“घुंगरं लई लावलीस,” आक्का शेवटी म्हणाल्या.

शालूबाईनं दुसरी खुर्ची ओढून घेतली.

“कुटं?”